वाचकांचे प्रश्न : सामाईक बसवर आधी कोण?

या महिन्यात मराठवाड्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून या वेळी सदराची सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे. संगणकातील प्रोसेसर, स्मृती, डिस्क, नेटवर्क कार्ड असे अनेक घटक तारांच्या एकाच सामाईक संचावरून माहितीची देवाणघेवाण करतात आणि त्या संचाला बस म्हणतात. एका वेळी त्या तारांवर एकाच घटकाने आपले संकेत चढवायचे असतात. दोघांनी एकदम चढवले तर माहिती बिघडते आणि संकेत चढवणारे परिपथही खराब होऊ शकतात. त्यामुळे बस कोणाला, केव्हा आणि किती वेळ द्यायची याचा निर्णय करणारी काहीतरी व्यवस्था लागते. तिला आर्बिट्रेशन म्हणतात. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या पुस्तकात बस आर्बिट्रेशनच्या तीन पद्धती आहेत : डेझी चेन, पोलिंग आणि स्वतंत्र विनंती. आकृत्या पाठ झाल्या आहेत, परंतु एक गोष्ट उमगत नाही. प्रोसेसर हा संगणकातील सर्वांत महत्त्वाचा घटक असताना ‘होल्ड’ संकेत (बस सोडण्याची मागणी) आला की तोच बस सोडून का देतो? पहिले प्राधान्य त्याला का नाही?
— एक विद्यार्थिनी, तंत्रनिकेतन, नांदेड

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की तिन्ही आकृत्या पाठ कराव्या लागणार नाहीत. बसवरचे प्राधान्य घटकाच्या महत्त्वावरून ठरत नाही. कोण किती वेळ थांबू शकतो आणि थांबावे लागले तर त्याचे काय बिघडते, यावरून ते ठरते. प्रोसेसरला दोन-चार मायक्रोसेकंद बस मिळाली नाही तर त्याचे काम तेवढे लांबते, चुकत मात्र नाही. फिरत्या डिस्कवरून उचललेल्या बाइटला अशी मुभा नसते, कारण पुढचा बाइट येईपर्यंत आधीचा उचलला गेला नाही तर तो कायमचा हातचा जातो.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत हा विचार स्पष्ट दिसतो. त्यात प्रोसेसरला मध्ये न घेता स्मृतीशी थेट व्यवहार करून देणारा इंटेलचा ८२३७ हा डीएमए नियंत्रक होता. त्याला चार चॅनेल असतात आणि स्थिर प्राधान्याच्या मांडणीत शून्य क्रमांकाचा चॅनेल सर्वांत वर, तर तीन क्रमांकाचा सर्वांत खाली असतो. सर्वांत वरचा चॅनेल आयबीएमने डिस्कलाही दिला नाही. तो स्मृतीच्या रिफ्रेशसाठी राखला. त्या काळच्या डायनॅमिक स्मृतीच्या १२८ ओळींपैकी प्रत्येक ओळ २ मिलिसेकंदांत एकदा तरी ताजी करावी लागे, अन्यथा तिच्यातील विद्युतभार ओसरून साठवलेली माहिती पुसली जाई. २ मिलिसेकंदांना १२८ ने भागले तर १५.६ मायक्रोसेकंद येतात, आणि पीसीतील टायमर साधारण दर १५ मायक्रोसेकंदांनी शून्य चॅनेलवर विनंती पाठवत असे. फ्लॉपी डिस्क दोन क्रमांकाच्या चॅनेलवर होती. तिच्यावरून सेकंदाला अडीच लाख बिट येत, म्हणजे दर ३२ मायक्रोसेकंदांना एक बाइट. रिफ्रेशला १५ मायक्रोसेकंदांची मुदत, फ्लॉपीला ३२ मायक्रोसेकंदांची, आणि प्रोसेसरला मुदतच नाही. अशा मांडणीत प्रोसेसर शेवटी जाणार हे उघड आहे, आणि तो शेवटी गेल्यामुळेच त्याला हवी असलेली माहिती स्मृतीत शाबूत राहते.

तुमच्या अभ्यासक्रमातील ८०८६ या प्रोसेसरमध्येही हाच विचार आहे, फक्त पुस्तके तो दोन वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात. इंटरप्ट (चालू काम थांबवून आपल्याकडे लक्ष द्या अशी एखाद्या घटकाची सूचना) आला तर ८०८६ चालू असलेली आज्ञा पूर्ण करतो आणि मगच त्याची दखल घेतो. होल्डची विनंती आली तर आज्ञा पूर्ण होण्याची वाट न पाहता चालू बस-चक्र संपताच तो बस मोकळी करून होल्ड अॅक्नॉलेज संकेत देतो. गुणाकार-भागाकाराच्या एका आज्ञेला शंभराहून अधिक घड्याळ-ठोके लागू शकतात, आणि डिस्कच्या बाइटला तेवढा वेळ ताटकळत ठेवणे धोक्याचे असते.

परंतु प्राधान्य वरचे दिले म्हणजे काम संपले असे समजू नका. पुस्तके या मुद्द्यावर फार घाईने पुढे जातात असे माझे मत आहे. प्राधान्याचा विचार फक्त बस देण्याच्या क्षणी होतो. एकदा बस मिळालेला घटक ती किती वेळ धरून ठेवू शकतो, यावर मर्यादा नसेल तर वरच्या क्रमांकाला काहीच अर्थ राहत नाही. ८२३७ मध्ये ‘सिंगल’ आणि ‘ब्लॉक’ असे व्यवहाराचे प्रकार आहेत. सिंगल प्रकारात प्रत्येक बाइटनंतर बस सोडली जाते. ब्लॉक प्रकारात पूर्ण गठ्ठा संपेपर्यंत ती धरून ठेवली जाते, आणि तोपर्यंत वरच्या चॅनेललाही मध्ये शिरता येत नाही. गठ्ठा जास्तीत जास्त ६५,५३६ बाइटांचा असू शकतो. एका बाइटला सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो असे धरले तरी पूर्ण गठ्ठ्याला ६५ मिलिसेकंद लागतील, आणि रिफ्रेशची मुदत तर २ मिलिसेकंदांचीच आहे. पहिल्या क्रमांकाचे प्राधान्य असूनही स्मृती पुसली जाईल. म्हणून परीक्षेत प्राधान्याच्या पद्धतीविषयी लिहाल तेव्हा बस धरून ठेवण्याच्या कमाल वेळेविषयी एक वाक्य तरी आवर्जून लिहा.

आता तिन्ही पद्धतींमधील फरक थोडक्यात. डेझी चेनमध्ये घटक कितीही असोत, विनंती, मंजुरी आणि ‘बस व्यग्र आहे’ असे सांगणारी तार मिळून तीन संकेत पुरतात. मंजुरी मात्र एका घटकातून दुसऱ्यात अशी पुढे सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ खाते. पोलिंगमध्ये आर्बिटर, म्हणजे बस कोणाला द्यायची हे ठरवणारा परिपथ, घटकांचे क्रमांक एकामागून एक पुकारतो, त्यामुळे ८ घटकांना क्रमांकासाठी ३ तारा आणि १६ घटकांना ४ तारा लागतात, आणि पुकारण्याचा क्रम बदलला की प्राधान्यही बदलते. स्वतंत्र विनंतीच्या पद्धतीत प्रत्येकाला स्वतःची विनंती-तार आणि स्वतःची मंजुरी-तार असते, म्हणजे ८ घटकांना १६ तारा. निर्णय सर्वांत जलद होतो आणि कोणताही नियम राबवता येतो. इंटेलच्या मल्टिबसमध्ये डेझी चेनचा पर्याय होता, पण बसचे घड्याळ १० मेगाहर्ट्झवर चालवायचे असेल तर साखळीत जेमतेम तीन आर्बिटर बसत असत, कारण मंजुरी एका ठोक्याच्या आत शेवटपर्यंत पोहोचायला हवी. त्याहून अधिक घटक हवे असतील तर प्राधान्य-एन्कोडर (आलेल्या विनंत्यांतून सर्वांत वरची निवडणारा परिपथ) वापरून समांतर पद्धतीकडे वळावे लागे.

प्रश्न : माझी शेती जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरील एका चारीच्या अगदी टेलला आहे. मुलगा संगणकशास्त्र शिकतो. त्याने डेझी चेनची आकृती समजावून सांगितली तेव्हा मला आमची चारीच दिसली : वरच्याने पाणी घेतले की खालच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. पाणीपाळी कधी टेलकडून हेडकडे देतात, तसे या साखळीत करता येत नाही का?
— एक शेतकरी वाचक, पाथरी तालुका, जि. परभणी

उत्तर : आपली तुलना नेमकी जुळते, आणि आपण सुचवलेला उपायही संगणक अभियंत्यांनी वेगळ्या रूपात योजलेला आहे. साखळीत प्रोसेसरच्या किंवा आर्बिटरच्या सर्वांत जवळ असलेल्या घटकाकडे मंजुरी आधी येते. त्याला बस हवी असेल तर तो मंजुरी अडवतो, नको असेल तर पुढे सोडतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७० मधील पीडीपी-११ संगणकाची युनिबस याच तत्त्वावर चाले. तिच्यात थेट स्मृती-व्यवहाराच्या विनंतीला सर्वांत वरचे स्थान होते, त्याखाली इंटरप्टच्या चार पातळ्या होत्या, आणि एकाच पातळीवरच्या घटकांमध्ये जो प्रोसेसरच्या जवळ तो आधी, असा नियम होता. त्यामुळे कोणते कार्ड कोणत्या खाचेत बसवायचे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नसे. कार्डाची जागा म्हणजेच त्याचे प्राधान्य. मधली एखादी खाच रिकामी ठेवली तर मंजुरी तिथेच थांबे आणि पुढची सर्व कार्डे मुकी होत, म्हणून रिकाम्या खाचेत मंजुरी पुढे नेणारे एक लहान जोडकार्ड बसवावे लागे. पुढे औद्योगिक यंत्रांत रुळलेल्या व्हीएमई बसमध्येही रिकाम्या खाचेवर जंपर लावण्याची गरज असे, आणि तो लावायचे राहून गेले की दुरुस्ती करणारा माणूस तासन्‌तास नादुरुस्त कार्ड शोधत बसे.

टेलच्या घटकाचे किती हाल होतात याचा हिशेब करता येतो. समजा, वरच्या तीन घटकांना बसच्या एकूण वेळेपैकी अनुक्रमे ४०, ३५ आणि २५ टक्के वेळ हवा आहे. बेरीज १०० झाली, म्हणजे चौथ्याच्या वाट्याला काही उरले नाही. तो दोन तास थांबेल की दोन दिवस, हे सांगताच येत नाही, कारण स्थिर प्राधान्यात खालच्या घटकाला मिळणारा वेळ संपूर्णपणे वरच्यांच्या मागणीवर अवलंबून असतो. इंग्रजीतून आलेल्या परिभाषेत याला स्टार्व्हेशन, म्हणजे उपासमार म्हणतात.

साखळीची दिशा उलटी केली तर काय होईल? उलटी करून तशीच ठेवली तर उपासमार टेलकडून हेडकडे सरकेल, बाकी काही सुधारणार नाही. खरा उपाय असा की साखळीचे शेवटचे टोक पहिल्याला जोडून तिचे वर्तुळ करायचे, आणि ज्या घटकाने नुकतीच बस वापरली त्याच्या पुढच्या घटकापासून मंजुरीचा शोध सुरू करायचा. याला फिरते प्राधान्य किंवा राउंड रॉबिन म्हणतात. यात प्रत्येक घटक क्रमाने हेडला येतो आणि प्रत्येक घटक क्रमाने टेलला जातो. याचा मोठा लाभ म्हणजे थांबण्याची कमाल मर्यादा आधीच सांगता येते : सहा घटक असतील आणि प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त २ मायक्रोसेकंद बस धरता येत असेल, तर कोणालाही इतर पाच जणांपेक्षा, म्हणजे १० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त थांबावे लागणार नाही. ८२३७ मध्येही स्थिर आणि फिरते असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत.

दुसरा एक मार्ग घटकांच्या संयमावर आधारलेला आहे आणि मला तो विशेष आवडतो. आयबीएमच्या १९८७ मधील पीएस/२ संगणकांत मायक्रो चॅनेल नावाची बस होती. तिच्यात ज्या घटकाकडून इतरांसाठी बस काढून घेतली गेली, तो घटक त्या वेळी रांगेत असलेल्या सर्वांचे काम होईपर्यंत पुन्हा विनंतीच करत नसे. प्राधान्याचे क्रमांक कायम राहत, परंतु वरच्या क्रमांकाचा घटक लागोपाठ पुन्हा पुन्हा बस घेऊ शकत नसे.

मात्र सर्वांना समान पाळी देणे हे नेहमीच योग्य ठरते असे नाही. ज्याची मुदत ८ मायक्रोसेकंदांची आहे त्याला १० मायक्रोसेकंदांच्या हमीचा काही उपयोग नाही. म्हणून प्रत्यक्षात अनेकदा दोन्हींची सांगड घालतात : मुदतीचे घटक वरच्या पातळीवर, बाकीचे खालच्या पातळीवर, आणि प्रत्येक पातळीच्या आत फिरती पाळी. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय बसच्या नियमावलीने आर्बिटरने कोणालाही उपाशी ठेवू नये अशी अट घातली, पण नेमकी पद्धत कोणती हे बोर्ड बनवणाऱ्यावर सोडले. त्याच नियमावलीत प्रत्येक मास्टर घटकाला (स्वतः बस मागून व्यवहार सुरू करणाऱ्याला) एक लेटन्सी टायमर दिला आहे. तो संपला आणि मंजुरी काढून घेतलेली असली की चालू व्यवहार आवरता घेऊन बस सोडावी लागते. नांदेडच्या विद्यार्थिनीला वर सांगितलेली कमाल वेळेची मर्यादा ती हीच.

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या वायरिंग हार्नेसच्या तपासणीचे काम करतो. कॅन या वाहनातील बसच्या दोन तारांवर कितीतरी कंट्रोलर जोडलेले असतात, परंतु आर्बिटर म्हणावी अशी पेटी कुठेच दिसत नाही. दोन कंट्रोलर एकदम बोलू लागले तर निर्णय कोण करतो?
— एक तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : निर्णय तारा स्वतःच करतात, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये या बसचे काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील वाहन अभियंत्यांच्या परिषदेत ती जाहीर केली. तिचा गाभा असा आहे की तारांवर ० आणि १ हे दोन बिट समान बळाचे नसतात. शून्य प्रबळ असतो आणि एक दुर्बळ असतो. एकाने शून्य आणि दुसऱ्याने एक असे एकाच वेळी चढवले तर तारांवर शून्यच दिसतो, आणि प्रत्येक कंट्रोलर बोलता बोलता तारांवर प्रत्यक्षात काय आहे हेही वाचत असतो.

प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला ११ बिटांचा ओळख-क्रमांक असतो. समजा, दोन कंट्रोलरांनी एकाच क्षणी सुरुवात केली. एकाच्या संदेशाचा क्रमांक २९१ आहे, दुसऱ्याच्या संदेशाचा २७३. द्विमान पद्धतीत लिहिले तर २९१ म्हणजे ००१००१०००११, आणि २७३ म्हणजे ००१०००१०००१. पहिले पाच बिट दोघांचे सारखेच आहेत, म्हणून पाचव्या बिटापर्यंत दोघांनाही दुसरा कोणी बोलत आहे याचा पत्ता लागत नाही. सहाव्या बिटाला पहिला कंट्रोलर १ चढवतो आणि दुसरा ०. तारांवर ० दिसतो. पहिल्याला कळते की आपण १ म्हटले होते, म्हणजे आपल्यापेक्षा वरच्या प्राधान्याचा कोणी तारांवर आहे. तो लगेच गप्प होतो, ऐकण्याच्या भूमिकेत जातो आणि बस मोकळी झाल्यावर पुन्हा प्रयत्न करतो. दुसऱ्याला काही घडल्याचे कळतही नाही. त्याचा संदेश एकही बिट न बिघडता पुढे जातो. जुन्या सामाईक तारेच्या इथरनेटमध्ये टक्कर झाली की दोन्ही संदेश वाया जात आणि दोघांनाही यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा सुरुवात करावी लागे. त्या तुलनेत कॅनमधील निर्णयात बसचा एकही क्षण फुकट जात नाही, आणि या रचनेचे सौंदर्य मला नेहमी इथेच जाणवते.

यासाठी एक किंमत मोजावी लागते आणि ती तारेच्या लांबीत मोजली जाते. एका टोकाच्या कंट्रोलरने चढवलेला बिट दुसऱ्या टोकाला पोहोचून तिकडचे उत्तर परत येईपर्यंत तो बिट संपता कामा नये, नाहीतर दोघांनाही आपणच जिंकलो असे वाटेल. सेकंदाला १० लाख बिट या वेगाने एका बिटाला १ मायक्रोसेकंद मिळतो. तारेत संकेताला दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे ४० मीटरच्या येण्या-जाण्यातच ४०० नॅनोसेकंद जातात, आणि उरलेला वेळ कंट्रोलर व ट्रान्सीव्हरच्या (तारांवर संकेत चढवणाऱ्या आणि वाचणाऱ्या चिपच्या) आतील विलंबासाठी लागतो. म्हणूनच त्या वेगाला सुमारे ४० मीटर ही मर्यादा सांगितली जाते. वेग कमी केला की लांबी वाढवता येते.

सर्वांत वरच्या प्राधान्याच्या संदेशालाही कधी थांबावे लागते का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. लागते. एकदा सुरू झालेला संदेश कॅनमध्ये मध्येच तोडला जात नाही. ११ बिटांचा क्रमांक आणि ८ बाइट माहिती असलेला संदेश, मध्ये भरावे लागणारे जादा बिट आणि शेवटची मोकळी जागा धरून, जास्तीत जास्त १३५ बिटांचा होतो. सेकंदाला ५ लाख बिटांच्या वेगाने त्याला २७० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ब्रेकचा संदेश सर्वांत लहान क्रमांकाचा असला तरी नुकत्याच सुरू झालेल्या एखाद्या किरकोळ संदेशामागे त्याला तेवढा वेळ थांबावे लागू शकते. ही मर्यादा आधीच ठाऊक असल्यामुळेच तिच्यावर विसंबून वाहन आखता येते.

क्रमांक वाटतानाही ‘कोणाला थांबता येत नाही’ हाच निकष लावावा लागतो. इंजिनाच्या वेगाचा संदेश दर काही मिलिसेकंदांनी जायला हवा. शीतकाच्या तापमानाचा संदेश एक सेकंद उशिरा पोहोचला तरी काही बिघडत नाही, जरी तापमान वाढणे ही गोष्ट स्वतः गंभीर असली तरी. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांना आणि त्यांना जोडायच्या अवजारांना लागू होणाऱ्या आयएसओ ११७८३ या मानकात २९ बिटांचा क्रमांक वापरतात आणि त्याचे पहिले ३ बिट निव्वळ प्राधान्यासाठी राखून ठेवलेले असतात. ० सर्वांत वर, ७ सर्वांत खाली.

तपासणीच्या कामासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एखादा कंट्रोलर नादुरुस्त होऊन सतत चुकीचे संदेश पाठवू लागला तर त्याची स्वतःची चूक-मोजणी वाढत जाते आणि ती २५५ च्या वर गेली की तो आपणहून बसपासून अलग होतो. परंतु एखादा कंट्रोलर सदोष प्रोग्राममुळे अगदी बिनचूक स्वरूपाचे, सर्वांत वरच्या प्राधान्याचे संदेश सतत पाठवू लागला तर मोजणी वाढत नाही, आणि इतर सर्व कंट्रोलर ठणठणीत असूनही गप्प राहतात. त्यामुळे ‘बाकीचे काहीच बोलत नाहीत’ अशी तक्रार आली तर गप्प बसलेल्यांना तपासण्यापूर्वी जो बोलतो आहे त्याला तपासावे.

प्रश्न : दोन घटकांनी अगदी एकाच क्षणी विनंती केली तर आर्बिटर गोंधळत नाही का?
— एक विज्ञान शिक्षक, हिंगोली

उत्तर : दोन्ही विनंत्या घड्याळाच्या ठोक्याआधी स्थिर झालेल्या असतील तर काहीच गोंधळ होत नाही; प्राधान्याचा नियम लागू होतो आणि एकाला बस मिळते. अडचण येते ती विनंतीचा संकेत नेमका ठोक्याच्या क्षणी ० वरून १ होत असेल तेव्हा. त्या वेळी विनंती टिपून घेणारा फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारा परिपथ) ० आणि १ यांच्या मधल्याच एखाद्या अवस्थेत काही काळ अडकू शकतो. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. बरीच वर्षे अनेक अभियंत्यांना ही कल्पना पटत नव्हती; १९७३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी ऑसिलोस्कोपवर ती दाखवून दिली. अडकलेला फ्लिप-फ्लॉप शेवटी कोणत्यातरी एका बाजूला झुकतोच, पण किती वेळात झुकेल याला वरची मर्यादा नसते. वेळ वाढवत नेला की तो अजूनही अडकलेला असण्याची शक्यता अतिशय झपाट्याने घटते, मात्र कधीही शून्य होत नाही.

म्हणून विनंती एकामागून एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेतात, म्हणजे पहिल्याला सावरायला एक पूर्ण ठोका मिळतो. हे एकाच ठिकाणी करून मगच तो संकेत सर्वत्र वाटायचा असतो. तोच अस्थिर संकेत दोन ठिकाणी वेगवेगळा वाचला गेला तर एकाच वेळी दोन मंजुऱ्या निघतील. डेझी चेनमध्ये हीच चूक निराळ्या वेषात येते : मंजुरी पुढे सोडून दिल्यानंतर लगेच एखाद्या घटकाला बसची गरज भासली आणि त्याने ती मंजुरी परत अडवली, तर पुढच्या घटकाने ती आधीच घेतलेली असते आणि बसचे दोन मालक होतात. त्यामुळे मंजुरी पोहोचल्याच्या क्षणी ‘घ्यायची की सोडायची’ हा निर्णय कायम करून टाकायचा आणि नंतर मनात आलेली विनंती पुढच्या फेरीसाठी ठेवायची, हा नियम साखळीतील प्रत्येक घटकाला पाळावा लागतो.

प्रश्न : माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. आता नव्या मदरबोर्डवर जुन्या अर्थाची सामाईक बस राहिलेलीच नाही. मग हे शिकून उपयोग काय?
— एक दुकानदार, बीड

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. २००३ पासूनच्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक खाचेला स्वतःच्या स्वतंत्र तारा असतात, त्यामुळे खाचांमध्ये तारांसाठी भांडण होत नाही. भांडण तिथून उठून चिपच्या आत गेले आहे. प्रोसेसरचे सर्व गाभे, ग्राफिक्स, नेटवर्क आणि डिस्क शेवटी त्याच स्मृतीकडे धाव घेतात, आणि स्मृती-नियंत्रकाला प्रत्येक क्षणी कोणाला आधी घ्यायचे हे ठरवावेच लागते. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा सेकंदाला ६० वेळा दाखवायचा आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट द्यायचे, तर सेकंदाला सुमारे ४९८ मेगाबाइट लागतात. आजच्या स्मृतीच्या क्षमतेपुढे हा आकडा किरकोळ आहे, परंतु पडद्याला थांबता येत नाही. त्याचा छोटा साठा रिकामा झाला की चित्र लुकलुकते. म्हणून मागणी कमी असूनही त्याला वरचे प्राधान्य मिळते.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात प्राधान्याची एखादी पद्धत प्रत्यक्ष दाखवायची आहे. कमी खर्चात काय करता येईल?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : आर्डुइनोचे तीन बोर्ड आणि एमसीपी २५१५ ही चिप असलेली कॅनची तीन मॉड्यूल घ्या. तारेच्या फक्त दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक हवेत. वीज बंद असताना दोन तारांमध्ये मीटरवर सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. ४० ओहम दिसले तर मधल्या मॉड्यूलवरील रोधकही जोडलेला राहिला आहे असे समजा. मॉड्यूलवरचा क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा आहे की १६ मेगाहर्ट्झचा हे पाहून प्रोग्राममध्ये तोच आकडा द्या. सुरुवातीला काहीच संदेश न येण्याचे नेहमीचे कारण हेच असते. मग दोन बोर्डांना लहान क्रमांकाचे संदेश शक्य तितक्या वेगाने पाठवू द्या आणि तिसऱ्याला मोठ्या क्रमांकाचा संदेश दर १० मिलिसेकंदांनी. तिसऱ्याचा संदेश पाठवायला दिल्यापासून तो प्रत्यक्षात जाईपर्यंतचा सर्वांत मोठा वेळ नोंदवा. बसचा वेग मुद्दाम सेकंदाला सव्वा लाख बिट इतका कमी ठेवा, म्हणजे दोन बोर्डांनाही बस भरून टाकणे सोपे जाईल. त्यानंतर दोघांच्या प्रत्येक संदेशानंतर काही मिलिसेकंदांची सक्तीची विश्रांती घाला आणि तोच वेळ पुन्हा मोजा. अहवालात सरासरी वेळ दिली तरी चालेल, पण तक्त्याच्या पहिल्या रकान्यात दोन्ही प्रयोगांतील कमाल वेळ लिहा, कारण तुमचे परीक्षक तोच आकडा विचारतील.